मोळी सोडायची नाही

आमची म्हातारी आषाढात गेली, आणि त्यानंतर मी शाळेत जायला लागलो.

ऐकून लोक हसतात, पण खरं आहे. पोरगा आणि सून दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, बारकं आईच्या पाठीला, नात शाळेत. घरात मी एकटा. दारामागं तिची चप्पल. टाकून द्यावी म्हणून दोनदा हातात घेतली आणि दोनदा परत ठेवली. मग ठरवलं, या घरात दिवसा बसायचं नाही. नातीला शाळेत सोडायला जायचो तो तिथंच वर्गाच्या खिडकीबाहेरच्या ओट्यावर टेकायचो. शाळा सुटली की तिला घेऊन परत.

पारावर माझ्या बरोबरीचा एक जण बसतो, तो रोज टोमणा मारायचा. "काय बे, म्हातारपनी पहिलीत नाव घातलं का?"

"चौथीत," मी म्हणायचो. "तिथूनच सुटली व्हती."

ते पण खरंच. चौथीत शाळा सुटली आणि लग्नानंतर तीसेक हंगाम ऊस तोडला, सगळे तिच्याबरोबर. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. तोडणी मी दोन वर्षांमागं सोडली, पण अर्धा कोयता म्हणजे काय ते यंदा घरबसल्या कळलं.

नात आठ वर्षांची, तिसरीत. जन्मली ती उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे खोपटात. सहा वर्षांची होईपर्यंत दर हंगामाला आमच्याबरोबर कारखान्यावर. मग म्हातारीनं एक दिवस तोडणीची टोळी निघायच्या वेळेला जाहीर केलं, "ही येनार न्हाई. मी आन हिचा आबा घरी ऱ्हातो. तुमी जावा." कुणाला विचारलं नाही, मलासुद्धा नाही. दोन हंगाम पोरगी गावात राहिली, शाळा शिकली.

म्हातारीचं तेरावं झालं आणि चार दिवसांनी पोरगा जेवता जेवता म्हणाला, "आबा, औंदा पोरगी संगं नेतो. आमी फडात गेल्यावर बारक्याला बघायला कुनीतरी पायजे."

"आन शाळा?"

"शाळेत शिकतीय काय? तिसरीला गेली, अजून वजाबाकी येत न्हाई. आई व्हती तवा गोष्ट येगळी व्हती."

माझं डोकं सणकलं. "वजाबाकी आली तर ठेवशील का हितं?"

तो हसला. "दसऱ्याच्या आत आली तर ठेवतो."

येणार नाही अशी त्याची खात्री होती. पोरगा वाईट नाही. त्याची शाळा सहावीत मीच सोडवलेली, असंच काहीतरी बोलून. त्यामुळं त्याला शिव्या द्यायलासुद्धा मला तोंड नव्हतं. पण शब्द दिलाय म्हटल्यावर मी तो धरून बसलो.

आता शाळेत काय चाललं होतं ते सांगतो. दोन मास्तरांची शाळा. तिसरीच्या मॅडम तालुक्याहून स्कूटीवर येतात, तरण्या आहेत, कामाला वाघीण. दर महिन्याला पाच-दहा गावच्या शिक्षकांची एक बैठक होते, तिला शिक्षण परिषद म्हणतात. कुणाच्या वर्गात कोणती युक्ती चालली ते तिथं एकमेकांना दाखवायचं, आणि आवडली तर आपल्या वर्गात करून बघायची. मला ही गोष्ट लई आवडली. आमच्या टोळीतसुद्धा एखाद्यानं कोयत्याची मूठ निराळी बांधली आणि हाताला फोड कमी आले, तर दुसऱ्या दिवशी सगळे तशीच बांधायचे.

तर तिथं नदीकाठच्या एका बागायती गावचे सर आलते. त्यांनी वजाबाकीची युक्ती दाखवली. दहा काड्यांचा एक गठ्ठा दोऱ्यानं बांधायचा. बत्तीस म्हणजे तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. त्यातून सात काढायचे, तर दोन सुट्ट्यांत भागत नाही. मग एक गठ्ठा सोडायचा, बारा सुट्ट्या होतात, त्यातून सात काढायच्या. त्यांची पोरं आठवड्यात शिकली.

मॅडमनी ते आमच्या गावात आणलं, आणि आणताना डोकं लावलं. तुराट्यांचे, तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तुकडे केले. आणि गठ्ठा म्हणण्याऐवजी त्याला मोळी म्हटलं. आमची बहुतेक पोरं फडावर वाढलेली, उसाची मोळी त्यांच्या रोजच्या बघण्यातली, म्हणून. मला पण ते ऐकून बरं वाटलं. म्हटलं, बाई हुशार आहे, आपल्या पोरांना आपल्या भाषेत सांगतीय.

पण गाडी पुढं जाईना. मी खिडकीतून बघायचो. पोरं मोळ्या झकास बांधायची, मॅडमपेक्षा घट्ट. बेरीज चुटकीसरशी. वजाबाकी आली की थांबायची. दोनातून सात जात नाहीत म्हणायची आणि हात मांडीखाली घेऊन बसायची. दुकानदाराचा पोरगा आणि अंगणवाडीवाल्या बाईची पोरगी, ही दोनच पटापटा मोळी सोडायची आणि उत्तर काढायची. बाकी सगळी बसून. आमची नात सगळ्यात घट्ट बसलेली.

मॅडम आठवडाभर झटल्या. मग मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "आबा, काय करू? ही मुलं सहा महिने बाहेर असतात, मागे पडलीत. जी गावात राहतात त्यांना बरोबर येतं."

"माझी नात दोन वर्षं गावातच हाय की."

त्यांनी नातीच्या कोऱ्या पाटीकडं बघितलं. मी समजलो. म्हणजे हिचं डोकंच चालत नाही.

घरी आलो ते तुराट्यांची मोळी घेऊनच. तिला पुढं बसवलं. "सोड ही."

सोडेना.

"अगं सोड म्हनतो ना. डोकं हाय का खोकं?"

खाली मान. मी आवाज चढवला. म्हातारी असती तर मला उठवून बाहेर घातलं असतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी जरा खाली आलो. "बरं, सांग. कावून सोडत न्हाईस?"

"मोळी सोडल्यावर आई मारती."

"कुठली आई? कवा मारलं?"

मग तिनं सांगितलं. चार-पाच वर्षांची असताना फडात बांधून ठेवलेल्या मोळीचं वाढं, म्हणजे ज्या पाल्यानं ती बांधतात ते, तिनं ओढलं, खायला एक कांडं पाहिजे म्हणून. मोळी फिसकटली. गाडी भरायची घाई, मुकादम ओरडला, आईनं दोन दिल्या आणि सगळी मोळी परत बांधत बसली. मलासुद्धा तो दिवस आठवला. मी तिथंच होतो, मीही ओरडलो होतो.

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. तीस वर्षांत मी स्वतः एकदा तरी बांधलेली मोळी सोडली का? नाही. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढायचं, गाडीत टाकायची. वाटेत सुटली तर शिवी. मुद्दाम सोडणारा माणूस मी बघितला नाही. आणि आम्ही आमच्या लेकरांना रांगायच्या आधी तेच शिकवलेलं. शाळेतली ती सगळी हात मांडीखाली घेऊन बसलेली पोरं ठोंबी नव्हती. घरचं वळण पाळत होती. दुकानदाराच्या पोराला कुणी मोळीवरून मारलेलं नाही, म्हणून तो सोडत होता.

तेवढ्यात गाय हंबरली. नात उठली, डोळे पुसले, गंजीतली कडब्याची पेंढी ओढली, तिला बांधलेलं आळं तोडलं, आणि ज्वारीची ताटं गायीपुढं पसरली. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. दिवेलागणीला रोज करते तसं.

मी बघत राहिलो. बांधलेलंच होतं की तेही.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आत मी मॅडमपुढं उभा. मला घुमवून बोलता येत नाही. "मॅडम, पोरं मागं न्हाईत. चूक तुमची हाय."

त्यांचा चेहरा उतरला. "माझी?"

"मोळी म्हनलं तितं चुकलं. मोळी सोडायची नसती. आमी सोडली तर मार खातो." आणि मग सगळं सांगितलं, फडातलं, नातीचं, गायीचं. "तुमी पेंढी म्हना. पेंढी बांधतात तीच सोडायला."

त्यांना राग आलता, दिसत होतं. एवढी मेहनत केलेली, आणि चौथी नापास म्हातारा येऊन चूक सांगतो. म्हणाल्या, "पण आबा, पेंढीत दहाच ताटं कुठं असतात?"

"मोळीत तरी दहाच ऊस कुठं असतात?"

हसू दाबता दाबता त्या हसल्याच. मग खडू घेतला. वर्गात जाऊन फळ्यावर गाय काढली. गाय कसली, चार पायांची घागर. पोरं खिदळली. मॅडम म्हणाल्या, "या आता पेंढ्या आहेत. गायीला सात ताटं घालायची आहेत. सुट्टी दोनच आहेत. काय करायचं?"

"पेंढी सोडायची!" तीन-चार पोरं एकदम ओरडली. त्याच तुराट्या, तोच दोरा. आमच्या नातीनं दातानं गाठ सोडली.

लगेच सगळ्यांना आलं असं नाही. काही जण मोजण्यात चुकले, एकानं सोडलेली पेंढी परत मोजली. पण हात मांडीखाली घेऊन कुणी बसलं नाही. आठ-दहा दिवसांत काड्या न घेता पाटीवर करायला लागली. मॅडम मला बाहेर येऊन म्हणाल्या, "आबा, पुढच्या परिषदेला तुम्ही चला. हे तुम्हीच सांगा."

"मी काय मास्तर हाय का? तुमीच सांगा."

"मी सांगितलं तर माझी युक्ती होईल. फडातलं मला काय माहीत?"

हे मला पटलं. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव न लावणारं माणूस मला आवडतं. धुतलेलं धोतर नेसलो आणि गेलो, त्यांच्या मागं स्कूटीवर नाही, सीटा भरून निघणाऱ्या वडापच्या जीपनं.

मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस शिक्षक. एकानं भिंतीवर चित्रं पाडून वाचनाचं काहीतरी दाखवलं, अर्धे जण मोबाईल बघत होते. मग मॅडमनी मला उठवलं. पहिल्यांदा वाटलं, परत खाली बसावं. मग म्हटलं, कारखान्याच्या गेटावर मुकादमाशी भांडलोय, ही तर शिकलेली माणसं आहेत. सगळं सरळ सांगितलं.

ते बागायती गावचे सर पुढंच बसलेले. भले माणूस, पण युक्ती त्यांची, त्यामुळं जरा टोचलं. म्हणाले, "आबा, आमच्या गावात पण ऊसच आहे. मी तर सुरुवातीला मोळीच म्हणालो होतो. पोरांनी पटापटा सोडल्या."

"सर, तुमच्या गावात ऊस लावतात. आमच्या गावातली मानसं तो तोडतात. तुमच्या पोरानं मोळीतलं कांडं ओढलं तर बाप म्हनतो, खा लेकरा. आमच्या पोरीनं ओढलं तर तिची आई तिला बडवती, कारन वरून मुकादम बडवतो."

मोबाईल खाली गेले. सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी युक्ती दिली, पण माझी पोरं कोण आहेत ते सांगितलंच नाही."

मागून एक बाई उठल्या, वयस्कर, निवृत्तीला आलेल्या असाव्यात. "अहो, मी तर अंड्यांचा ट्रे घेऊन दहा-दहा शिकवायला गेले. अर्धा वर्ग माळकऱ्यांचा! पोरं बाक सोडून भिंतीला चिकटली. मला वाटलं, गणिताला घाबरतात."

असा हशा झाला की बैठक चालवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी टेबल वाजवलं. पण मग एकेक जण उठायला लागला. आतापर्यंत सगळे आपापलं काय चाललं ते सांगत होते, आता काय फसलं ते सांगायला लागले. त्यात जास्त दम होता. शेवटी ठरलं, की युक्ती सांगताना तीन गोष्टी सांगायच्या: काय केलं, कोणत्या पोरांबरोबर केलं, आणि कुठं अडलं. आणि दुसऱ्याची युक्ती नेली तर पुढच्या महिन्यात येऊन सांगायचं, की आपल्या गावात तिचं काय झालं. केंद्रप्रमुख मला म्हणाले, "आबा, पुढच्या वेळी पण या." मी म्हटलं, "चहा साखरेचा असंल तर येतो. ह्यो गुळवनी हाय." खरं म्हणजे चहा बरा होता. मला घरी जायची घाई होती. दसरा आठ दिवसांवर आला होता, आणि एवढी माणसं माझं ऐकून गेली तरी माझ्या पोराचा शब्द अजून बाकी होता.

आमची टोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायची होती. दुपारी ट्रॅक्टर दारात लागला. ट्रॉलीत पत्रे, ताडपत्री, भांड्यांचं पोतं, बाजरीच्या पिठाचे डबे चढले. सुनेनं नातीच्या कपड्यांचं गाठोडंसुद्धा चढवलं होतं. मी ते बघितलं आणि पोराला म्हटलं, "शब्द दिलता."

"आबा, आता कुठं..."

"आता. इचार तिला."

शेजारचे दोन-चार जण बघत होते. त्याला मागं हटता येईना. ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून त्यानं नातीकडं बघितलं. "बरं. गाडीत बावन्न मोळ्या टाकायच्या. अठ्ठावीस टाकल्या. ऱ्हायल्या किती?"

मोळ्याच म्हणाला, लेकाचा. त्याला तरी दुसरं काय सुचणार?

पोरीची बोटं हलायची थांबली. हात मागं गेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं विचारलं, "पप्पा, पेंढ्या म्हनू का?"

"काय बी म्हन."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. "एक सोडली... बारा... आठ गेली..." मग डोळे उघडले. "चोवीस."

पोरगा मनातल्या मनात करून बघत होता, ते मला दिसलं. त्याला माझ्यापेक्षा पटकन येतं. बरोबर आलेलं त्याला आवडलं पण, तेही दिसलं. पण पुढं म्हणाला, "बरोबर हाय. शब्द मी मोडत न्हाई. पन आबा, तुमीच सांगा, बारक्याला फडात कोन बघनार?"

वजाबाकी आली म्हणून ते लेकरू आपोआप सांभाळलं जाणार नव्हतं. इतके दिवस मी दसरा, दसरा करत बसलो आणि या गोष्टीचा विचारच केला नाही. दोन ओळी तोडायच्या आणि मधेच पाचटात झोपवलेलं पोर बघायचं, हे काय असतं ते मला माहीत आहे. आमची म्हातारी ते करायची, आणि एकदा आमच्या पोराजवळ, याच पोराजवळ, साप निघालता.

सून माझ्यापुढं फारसं बोलत नाही. ट्रॉलीवर चढली, पत्र्यांवर पाय देऊन आत वाकली, नातीचं गाठोडं ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मी बघते त्याचं," ती नवऱ्याला म्हणाली. "झोळी जवळच बांधीन. तोडनी कमी भरली तर कमी भरली. मुकादम ओरडला तर मी ऐकून घेते."

"रोज ऐकशील?"

"आत्याबाईंनी तुमच्यासाठी ऐकलं न्हाई का?"

पोरानं डोक्याचं उपरणं काढून तोंड पुसलं आणि तो इंजिनाकडं गेला. नात गाठोड्याला हात लावून माझ्याजवळ उभी राहिली. जायचं नाही याचा आनंद होता की आई जाणार याचं रडू, तिचं तिलाच कळत नसावं. दोन्ही एकदम आलं.

ट्रॅक्टर सुरू झाला. सुनेनं वरून बारक्याला एका हातानं धरलं आणि ओरडून मला सांगितलं, "मामा, हिचं डोकं रविवारी धुवायचं. उवा झाल्यात. शिकेकाई फळीवर हाय. आन फनी बारीक दाताची घ्या."

मी मान हलवली. जन्मात मी पोरीचं डोकं धुतलेलं नव्हतं. आमच्या घरात ते काम कधी माझ्याकडं आलंच नाही.

रविवारी पाणी तापवलं. शिकेकाई सापडली, पण किती घ्यायची ते कुणाला विचारणार? ओंजळभर घेतली. पोरगी न्हाणीतल्या दगडावर बसली आणि ओरडायला लागली, "आबा, डोळ्यात गेली! आजी असं न्हाई करायची!"

"मला म्हाईत हाय न्हाई करायची ते. डोळे गच्च मीट, आन वजाबाकी म्हन."

"कुठली?"

"कुठली बी. मोठी घे. केस लई हायत तुझे."